सद्भावाची मात्रा : दुसऱ्यास औषध सुचविण्याची कायदेशीर मर्यादा



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला योजिली जाते, त्यांच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर माझ्या विद्यार्थिदशेतील कितीतरी संध्याकाळी गेल्या. त्यांच्याविषयी बोलण्याचा माझ्याहून अधिक अधिकार असलेली मंडळी समोर बसलेली आहेत, म्हणून मी त्यांची एकच सवय आपणांस सांगतो. "डोके दुखते, एक गोळी द्या," असे म्हणत कोणी येऊन उभे राहिले, की कपाटाकडे वळण्यापूर्वी ते चष्म्यावरून पाहत आणि विचारीत, "कुणाला द्यायची आहे?" गिऱ्हाईक कधी हसे, कधी चिडे, पण त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज गोळी हातावर पडत नसे. मला तेव्हा तो एका वृद्ध दुकानदाराचा चोखंदळपणा वाटे. पुढे चाळीस वर्षे फौजदारी न्यायालयांत वकिली केल्यावर, आणि त्या अवधीत एकदा मी स्वतःच मनोमन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर, त्या तीन शब्दांची किंमत मला कळली.

तो प्रसंग असा. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्रीच्या कोल्हापूरच्या गाडीने मी प्रवास करीत होतो. समोरच्या बाकावरील तरुण दाढदुखीने इतका बेजार झाला होता, की त्याच्याकडे पाहून स्वस्थ बसणे मला अशक्य झाले. माझ्या पिशवीत कंबरदुखीसाठी बाळगलेली डायक्लोफेनॅकची गोळी होती. ती मी त्याच्या हातावर ठेवली. ती तोंडात टाकण्यापूर्वी त्याने विचारले, "आपण डॉक्टर आहात का?" मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले, "डॉक्टर नव्हे. पण ही गोळी दहा वर्षे खातो आहे." अर्ध्या तासात त्याचा श्वास घुसमटू लागला. त्याला दमा होता, आणि दम्याच्या काही रोग्यांना ॲस्पिरिन व त्या जातीची वेदनाशामके मुळीच सोसत नाहीत, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती व विचारावयाचे मला सुचलेही नव्हते. शेजारच्या डब्यातील एका परिचारिकेच्या प्रसंगावधानामुळे पुढच्या स्थानकावर त्याला वेळेवर उपचार मिळाले आणि तो वाचला. त्याने फिर्याद केली नाही. उलट दिवाळीत त्याचे कार्ड आले, त्यात रात्रभर इस्पितळात सोबत बसल्याबद्दल त्याने माझे आभार मानले होते. ते कार्ड वाचून मला जी शरम वाटली, तीतून आजचा विषय निघाला आहे. जो खटला त्याने भरला नाही, तो आज मी माझ्यावर आपणांसमक्ष चालविणार आहे.

प्रथम त्या गोळीचीच चौकशी करू. चिठ्ठीविना मिळणारी औषधे, ज्यांना लोक ‘ओव्हर द काउंटर’ म्हणतात, त्यांचा स्वतंत्र वर्ग आपल्या कायद्यात आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम चाळून पाहिल्यास त्या संज्ञेची व्याख्या कोठेही आढळत नाही. कायदा निषेधाच्या बाजूने बोलतो. अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ यांत जी औषधे नोंदलेली आहेत, ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवाचून किरकोळीने विकता येत नाहीत; अनुसूची ‘जी’ मधील औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीवाचून ती घेणे धोक्याचे आहे, असा इशारा छापावा लागतो, आणि सर्दीपडशासाठी घरोघर सर्रास घेतल्या जाणाऱ्या ॲलर्जीरोधक गोळ्यांचा मोठा वर्ग या अनुसूचीत मोडतो. या याद्यांबाहेर जे उरले, ते चिठ्ठीविना मिळते इतकेच. आता पाहा, मी ज्या गोळीला अगदी साधी, घरगुती समजत होतो ती डायक्लोफेनॅकची गोळी अनुसूची ‘एच’ मध्ये आहे. मी ती दहा वर्षे दुकानातून बिनदिक्कत आणीत होतो, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणून कायद्याचीही हरकत नसावी, असे वकील असूनही धरून चाललो होतो. शिरस्ता आणि कायदा यांत एवढे अंतर पडू शकते.

या कायद्याने खेड्यांसाठी एक खिडकी मात्र उघडी ठेविली आहे. अनुसूची ‘के’ नुसार, एक हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या व परवानाधारक विक्रेता नसलेल्या गावात ॲस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक बाम, आम्लपित्तावरील औषधे, तान्ह्या बाळाचे ग्राइप वॉटर, एरंडेल, निलगिरीचे तेल, टिंक्चर आयोडीन, क्विनीनच्या गोळ्या अशा काही घरगुती औषधांची विक्री परवान्यावाचून करण्याची मुभा आहे. तीत मला ब्रिटिश अमदानीचा तो काळ दिसतो, जेव्हा हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळत आणि क्विनीनच्या पुड्या टपाल कचेरीत मिळत. जिथे वैद्य पोचत नाही तिथे औषध तरी पोचावे, ही त्यामागची माणुसकी. परंतु ही मुभा यादीने बांधलेली आहे. सरकारने ‘साधी औषधे’ असे मोघम न लिहिता एकेक नाव लिहून दिले आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एका सामान्य इसमाने दुसऱ्यास औषध सुचविणे हा गुन्हा आहे काय? निव्वळ सुचविणे हा गुन्हा नाही. आजीबाईचा बटवा जप्त करण्याची इच्छा कोणत्याही कायदेमंडळास झालेली नाही. ताप आलेल्या शेजाऱ्यास "पॅरासिटामॉल घे आणि पडून राहा" असे सांगणारी काकू कोणत्याही कलमाखाली येत नाही. तिने मोबदला घेतलेला नसल्याने ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखालीही तिला खेचता येत नाही. परंतु या मोकळ्या अंगणाला चार बाजूंनी चार कुंपणे आहेत, आणि ती मी सनद, दुकान, दवंडी व इजा या चार शब्दांत सांगतो.

पहिले कुंपण सनदेचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ याच्या कलम ३४ अन्वये नोंदणी नसलेल्या इसमाने वैद्यकाचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या राज्यात याच हेतूने १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदाही आहे. एकदा सांगितलेली गोळी म्हणजे व्यवसाय नव्हे. पण पाटी लावणे, नित्य रोगी तपासणे, आपण जाणकार आहोत असा आव आणून लोकांस इतबार ठेवावयास लावणे, हे झाले की कुंपण ओलांडले गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईचे एक प्रकरण आले. होमिओपॅथीची सनद असलेल्या व्यावसायिकाने तापाच्या रोग्यास ॲलोपॅथीची औषधे दिली आणि तो रोगी दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणारा मनुष्य, दुसऱ्या पद्धतीत तो कितीही विद्वान असो, भोंदूच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. सनदवाल्यालाही त्याच्या सनदेबाहेर मज्जाव! इतकेच काय, पुऱ्या सनदेच्या डॉक्टरालाही दूरध्वनीवरून मन मानेल ते औषध सांगता येत नाही: २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक तत्त्वांत औषधांच्या याद्या पाडलेल्या आहेत, आणि कोणत्याही माध्यमातून सांगता येण्याजोग्या यादीत पॅरासिटामॉल, जलसंजीवनी यांसारखी निरुपद्रवी नावे आहेत. ज्याने रोगी पाहिला नाही त्याने जपून बोलावे, हे तत्त्व डॉक्टरांना लागू असेल, तर रेल्वेच्या बाकावरील वकिलाने काय करावे?

दुसरे कुंपण दुकानाचे. १९४० च्या कायद्याच्या कलम १८(क) मध्ये परवान्यावाचून औषधाची विक्री करण्यास जशी मनाई आहे, तशीच ‘वितरण’ करण्यासही आहे. विनापरवाना विक्री वा वितरण शाबीत झाल्यास कमीत कमी तीन व जास्तीत जास्त पाच वर्षे कारावास सांगितला आहे. एका प्रवाशाला दिलेल्या एका गोळीवर कोणी हे कलम लावणार नाही, हे उघड आहे. पण करोनाच्या साथीत सार्वजनिक कार्यकर्त्यांनी दुर्मीळ औषधे मिळवून वाटल्याचा प्रश्न जेव्हा न्यायालयांपर्यंत गेला, तेव्हा ‘फुकट वाटले’ एवढे म्हटल्याने सुटका होत नाही, हे अनेकांना प्रथमच कळले. खुद्द दुकानदाराचे हातही बांधलेले आहेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरची चिठ्ठी पाहून औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे आहे, आणि अनुसूची ‘एच’ चे औषध चिठ्ठीत असेल तर त्याच्या जागी "तेच आहे, फक्त कंपनी दुसरी" असे म्हणून पर्यायी औषध स्वतःच्या अखत्यारीत देण्याची मुभा त्यालाही नियमांनी दिलेली नाही. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत ते गृहस्थ चिठ्ठी दोनदा वाचीत, यात दुकानदारी कमी आणि कायदेपालन अधिक होते.

तिसरे कुंपण दवंडीचे, आणि मला ते सर्वांत मनोरंजक वाटते. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, अपस्मार, लठ्ठपणा, मोतीबिंदू अशा अनेक व्याधींची यादी देतो आणि त्यांवर गुणकारी म्हणून औषधाची जाहिरात करण्यास मज्जाव करतो. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरी गंमत व्याख्येत आहे. ‘जाहिरात’ या शब्दात सूचनापत्र, परिपत्रक, लेबल, वेष्टन तर येतेच, शिवाय तोंडी केलेली घोषणाही येते, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर उत्पन्न करून वा प्रक्षेपित करून केलेली घोषणाही येते! कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर बाजारातला ढोलकीवाला वैदू आणि आकाशात धुराने अक्षरे काढणारे विमान असावे. आज आपल्या खिशातील यंत्र प्रकाश आणि ध्वनी दोन्ही प्रक्षेपित करते, आणि त्यातून रोज सकाळी मधुमेह मुळापासून नाहीसा करणारे चूर्ण घरोघर पोचते. या कायद्याचा रोख व्यापारी जाहिरातीवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखान्याच्या प्रसिद्ध खटल्यात म्हटले आहे. म्हणून सद्भावनेने मजकूर पुढे धाडणारा प्रत्येक निवृत्त गृहस्थ गुन्हेगार ठरतो, असे मी म्हणत नाही. पण जाहिरात प्रसिद्ध करण्यात ‘कोणताही भाग घेणे’ हे शब्द कलमात आहेत, आणि दुसऱ्याच्या चूर्णाची दवंडी फुकट पिटणाऱ्याने ते एकदा वाचून ठेवावेत.

चौथे कुंपण इजेचे, आणि माझा खटला खरा येथेच उभा राहतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३३७ खाली, बेदरकार वा हयगयीच्या कृत्याने दुसऱ्यास दुखापत केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये कैद तेवढीच राहून दंड पाच हजारांवर गेला आहे. तो तरुण दगावला असता तर? जुन्या कलम ३०४-अ मध्ये हयगयीने मृत्यू घडविण्यास दोन वर्षांची कमाल शिक्षा होती. नव्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षे झाली, परंतु वैद्यकीय प्रक्रिया पार पाडीत असता नोंदणीकृत डॉक्टराच्या हातून तसे घडल्यास ती दोन वर्षेच ठेविली आहे. डॉक्टर चुकला तर दोन वर्षे, आणि डॉक्टरपणाचा आव आणणारा चुकला तर पाच! बाररूममध्ये काहींनी हा पक्षपात आहे अशी तक्रार केली; मला त्यात शहाणपण दिसते. ज्याने शिकून जोखीम पत्करली त्याच्या चुकीला कायदा थोडी सवलत देतो. ज्याने न शिकता पत्करली त्याला देत नाही.

यावर माझा बचाव काय? साहजिकच, ‘मी सद्भावाने केले’. आपल्या सर्वांचाच हा बचाव असतो, आणि दंडविधानाने त्याला मोठे स्थानही दिले आहे. दुसऱ्याच्या हितासाठी, त्याच्या संमतीने, सद्भावपूर्वक केलेल्या कृत्यापासून इजा झाली तरी ती पुष्कळदा अपराध होत नाही. पण ‘सद्भाव’ म्हणजे काय, हे कायद्याने लोकांच्या समजुतीवर सोडलेले नाही. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात, निष्काळजीपणे केलेली गोष्टही जर प्रामाणिकपणे केलेली असेल, तर ती सद्भावाने केली असे समजले जाते. दंड संहितेत मात्र, १८६० पासून आजच्या न्याय संहितेपर्यंत, व्याख्या उलट्या बाजूने केलेली आहे: जी गोष्ट योग्य सावधानता आणि लक्ष यांवाचून केली, ती सद्भावाने केली असे म्हटले जाणार नाही. दिवाणी दप्तरातला सद्भाव अंतःकरण तपासतो. फौजदारी दप्तरातला अंतःकरणाबरोबर अक्कलही तपासतो.

या व्याख्येची कसोटी १८८७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात लागली. एका कविराजाने साध्या सुरीने मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि रोगी रक्तस्रावाने मरण पावला. अशा शस्त्रक्रिया आपण यापूर्वी कितीतरी वेळा यशस्वी केल्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. परंतु शास्त्राचे शिक्षण नसताना केवळ मागील यशाच्या बळावर सुरी हाती घेणे म्हणजे सद्भाव नव्हे, असे ठरून त्याची शिक्षा कायम झाली. "दहा वर्षे खातो आहे" हे माझे उत्तर त्या कविराजाच्या जबानीपेक्षा फारसे निराळे नव्हते. पुढे १९६५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रदेशातील खटल्यात, नारूवर इलाज करणाऱ्या एका होमिओपॅथाने एका बाईला धोतऱ्याचा अर्क आणि पाने दिली व ती दगावली. खुनाचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही, पण परिणामांचा अभ्यास न करता विष देणे ही बेदरकारी आहे, असे ठरवून कलम ३०४-अ खाली त्याला दोषी धरले. नारू आज या देशातून हद्दपार झाला आहे; धोतऱ्याऐवजी दुसरी नावे घेणारे गृहस्थ मात्र हद्दपार झालेले नाहीत.

माझ्या बाजूनेही एक मुद्दा मांडला पाहिजे, नाहीतर हा खटला एकतर्फी होईल. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मरण पावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा प्रत्यक्ष आणि निकटचा परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्याची हयगय येता कामा नये. एखाद्या प्रौढ माणसाला मी औषधाचे नाव सांगितले, त्याने दुकानात जाऊन, वेष्टनावरील इशारा वाचून, स्वखुशीने ते घेतले, तर साखळी तुटते. हातात गोळी ठेवली, मूल होते, बेशुद्ध होता, किंवा माझ्या शब्दावर विसंबून त्याने विचार सोडून दिला, तर ती जुळते. त्या तरुणाने विचार सोडलेला नव्हता. त्याने प्रश्न विचारला होता, आणि माझ्या ऐटीने तो प्रश्न बंद केला.

येथे कोणी म्हणेल, की मग काय सामान्य माणसाने दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाठ फिरवावी? आपल्या महाराष्ट्रानेच या शंकेचे उत्तर दिलेले आहे. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ज्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखून औषधे, इंजेक्शनेसुद्धा, देण्यास शिकविले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. आज प्रत्येक गावातील आशा कार्यकर्ती पॅरासिटामॉल व जलसंजीवनीची पुडी घेऊन फिरते. २०२५ पर्यंत अंमलात असलेला १९४८ चा कारखाने कायदाही दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवावयास लावीत असे, आणि ती प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार इसमाच्या स्वाधीन करावयास सांगत असे. या सर्वांच्या हाती औषध आहे, पण सोबत यादी आहे, शिक्षण आहे, आणि ‘यापुढे माझे काम नाही, आता दवाखान्यात चला’ असे म्हणण्याची ठरलेली जागा आहे. सद्भावाची कायद्याला हवी असलेली मात्रा ती हीच.

म्हणून, माझ्यावरचा निकाल मीच सांगतो. मी दवंडी पिटली नाही. दुकान मांडले नाही. सनदेचे सोंगही पुरते घेतले नाही. पण चौथे कुंपण मी ओलांडले होते, आणि सद्भावाचा बचाव मला मिळण्याजोगा नव्हता, कारण मी त्याला दम्याविषयी विचारले नाही, दुसरी काही औषधे चालू आहेत का हे विचारले नाही, आणि ताप अंगात असता, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, अशी वेदनाशामके रक्तस्रावाचा धोका वाढवितात, हेही जाणून घेतलेले नव्हते. शिक्षा म्हणून मी एवढेच पत्करले, की त्या रात्रीनंतर माझ्या पिशवीतली गोळी मी पुन्हा कोणाच्या हातावर ठेवली नाही. सोबत मात्र पुष्कळांना केली, रिक्षा शोधली, दवाखान्याच्या दाराशी रात्री बसलो.

वकील म्हणून मी आयुष्यभर कलमे वाचली. आज त्यांचा सारांश सांगावयाचा झाला, तर तो मला दोन साध्या माणसांनीच आधी सांगितला होता असे दिसते. औषध देणाऱ्याने प्रथम विचारावे, "कुणाला द्यायची आहे?" हा त्या वृद्ध औषधविक्रेत्याचा प्रश्न. औषध घेणाऱ्याने प्रथम विचारावे, "आपण डॉक्टर आहात का?" हा गाडीतल्या तरुणाचा. पायरीवर बसून पहिला प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला होता, आणि रात्रीच्या गाडीत दुसरा माझ्या तोंडावर विचारला गेला. दोन्ही वेळा मी हसलो होतो.